वीतभर लांब पलंग

९ मार्च, रविवार

प्रिय ताई,

नमस्कार. आधी तुझ्या प्रभूला, मग तुला. क्रम चुकला की तू लहानपणी कान पिरगाळायचीस.

तुझ्या मठाच्या बारा पलंगांचा खरा खर्च एकदा लिहूनच टाकतो. लाकडाचे पैसे तुम्ही दिलेत, मजुरी मी सोडली. पॉलिश करताना माझ्या जुन्या मिस्त्रीला खोकला लागला, तो अजून आहे. आणि बाराव्या पलंगापायी माझी मुलगी गेली. पावती पाठवू नकोस.

बाकी ठीक. गुडघा कुरकुरतो, दुकान जोरात आहे, कान शाबूत आहेत. कारखान्याच्या या टोकाला बसून त्या टोकाचा सैल स्क्रू मला अजून ऐकू येतो. आणि माणसाचं माप घेतल्याशिवाय माझ्याकडून पलंग बाहेर पडत नाही, हे कुणालाही विचार.

तू मठात गेलीस तेव्हा तिथे चार म्हाताऱ्या सिस्टर उरल्या होत्या. रिकाम्या खोल्यांतल्या खाटा तुम्ही विकायला काढल्यात, त्या मीच उचलल्या. माझा धंदा त्याच लाकडावर उभा राहिला. तेव्हा मी सगळ्यांना हसून सांगायचो, आमची ताई बुडत्या होडीत चढली. आता बघावं तर दर वर्षी तुला पलंग कमी पडतात. एक दातांची डॉक्टर, एक बँकेतली, परवा तर बस चालवणारी आली म्हणे. ताई, मी दुकानात बसायला मुलगी ठेवतो, पगार देतो, सुट्ट्या देतो, डोक्यावर पंखा देतो, तरी ती महिन्यात पळते. तू पहाटे उठवतेस, फोन काढून घेतेस, हातावर दमडी ठेवत नाहीस, आणि तुझ्या दारात रांग. धंद्यातला माणूस म्हणून विचारतो, तू त्यांना देतेस तरी काय? माझ्या पोटात दुखतं, खोटं कशाला बोलू.

अकरा पलंग एका मापाचे आणि एक वीतभर जास्त लांब, असं तू फोनवर सांगितलंस. मी म्हटलं, कोण ताडमाड येतंय गं? तू म्हणालीस, आली की कळेल. पलंग जोडून झाल्यावर अंदाज घ्यायला मी कुणाला हाक मारली असेल? आमच्या शिडीलाच, लेकीला. दुकानात तिच्याएवढं उंच दुसरं आहे कोण? हातातलं काम ठेवून आली, चपला काढल्या, सरळ आडवी झाली. मिस्त्री म्हणाला, मालक, ही तर झोपलीच. तिने डोळे मिटूनच सांगितलं, "पुरतो, बाबा."

आणि मी म्हटलं, चढवा गाडीत.

पुढच्या आठवड्यात जेवताना तिने सांगितलं, तो पलंग तिचाच म्हणून. मी ओरडलो नाही. एवढंच विचारलं, आई गेलेल्या मुलीने बापालाही सोडून जावं, असं कुठल्या पुस्तकात लिहिलंय? म्हणाली, "त्याच पुस्तकात आहे, बाबा. तुम्ही कपाटात वर ठेवलंय ते." जीभ माझ्यावर गेलीय.

मागच्या भेटीच्या रविवारी तू मला बैठकीत बसवून गेलीस. भिंतीपलीकडे भांडी घासली जात होती. मध्येच कुणीतरी काही बोललं आणि सगळ्या खिदळल्या. त्यात तिचं हसू मी ओळखलं. शेवटी नाक वाजतं तिचं. तिची आई गेल्यापासून ते नाक आमच्या घरात वाजलेलं नाही. या कानांचा मला आयुष्यात पहिल्यांदा वैताग आला.

मग ती ओले हात पुसत आली. मी तिला सांगितलं, दुकानाची पाटी नवी करून घेतली, त्यावर 'आणि कन्या' असं ठळक रंगवलंय. "छान दिसत असेल," म्हणाली. बस. मग म्हणाली, मदरना विचारून तुमच्यासाठी चहा आणते. मदर म्हणे. सख्ख्या आत्याला. तिच्या आईची जागा मी चार वर्षं कुणाला दिली नाही, बघायला आलेल्या स्थळांना चहा पाजून वाटेला लावलं, आणि तू तिकडे बसल्या बसल्या ती घेऊन टाकलीस. तुझ्या देवाशी माझं भांडण नाही. त्याला मुलगी दिली असती मी. तुला द्यायची जिवावर येते.

आता तू लिहितेस की बाबा आल्याशिवाय सिस्टरचा झगा घालणार नाही, असं ती धरून बसलीय. म्हणजे माझ्या जाण्यावर सगळं अडलंय. हे वाचून मी आठवडाभर शीळ घालत फिरलो. जायचंच नाही, की आपोआप घरी येईल, पाटीखाली बसेल.

फक्त एक गोष्ट सलत होती. तिला वीतभर लांब पलंग लागतो हे तुला कसं कळलं? त्या रविवारी तिला विचारलं तर म्हणाली, मी नाही सांगितलं. तू तर इकडे शेवटची राहिलीस ती तिची आई गेली तेव्हा, लेकीच्या खोलीत, दोन रात्री.

तिच्या झग्याच्या दिवशी येतो मी. तिला सांग. कारण सांगू नकोस.

झालं असं, की ती परत येणार म्हणून काल मी तिची खोली आवरायला घेतली. पलंगाच्या पायथ्याशी स्टूल लावलेलं आहे, त्यावर उशी, आणि उशीला मधोमध टाचांचे दोन खळगे. तो पलंग मी केला तेव्हा ती दुसरीत होती.

तिचा बाप,
आणि तुझा धाकटा