भिंतीपलीकडून गोल अगोदर ऐकू येत असल्याबाबत

प्रति,
मा. सचिव साहेब,
दख्खन महिला फुटबॉल लीग,
विभागीय कार्यालय, छत्रपती संभाजीनगर.

अर्जदार : श्रीमती धुरपताबाई भ्र. बन्सीधर गिराम, वय ६८ वर्षे, धंदा शेती व घरकाम, रा. बोरी, ता. जिंतूर, जि. परभणी.

विषय : सामने पैशाच्या ॲपवर गेल्यापासून शेजारीण नामे कस्तुराबाई हिचे वर्तन बिघडल्याबाबत, तसेच प्रेक्षक वाढले हा आपला आकडा तपासून मिळणेबाबत.

संदर्भ : आपल्या कार्यालयाचा मोबाइलवर आलेला संदेश, "प्रेक्षक वाढले, आपले आभार".

महोदय,

१) कस्तुराबाई भ्र. दत्तराव चौधरी ही माझी शेजारीण असून तिच्या-माझ्या घरात एकच भिंत आहे. सदर बाई पाच रविवार झाले माझ्या घरी येत नाही. नळावर गाठ पडली तर घागर अर्धी असतानाच उचलते. कारण विचारले असता "काम हाय आक्का" एवढेच बोलते. दुपारी चार वाजता मॅच लागली की तिचे ते काम कुठे जाते, ते मला भिंतीतून ऐकू येते. चाळीस वर्षांच्या शेजाराला हे शोभत नाही. ही तक्रार मी अगोदर गावातल्या चार जाणत्यांच्या कानावर घातली, तर ते हसले. हसणाऱ्याकडे दाद मागत नसतात. बिघाड आपल्या ॲपमुळे झालेला असल्याने अर्ज आपल्याकडे करीत आहे. मी चौथीपर्यंतच शिकले आहे, पण अर्ज कोणाकडून लिहून घेत नाही. अक्षर माझेच आहे, लागले तर दोनदा वाचावे.

२) माझा संबंध असा की, माझी नात भक्ती रंगनाथ गिराम ही आपल्या लीगमध्ये गोदाकाठ संघाची गोलकीपर आहे. पाठीवर एक नंबर. तिचा बाप रंगनाथ पूर्ण्याला रेल्वेत असतो. पोरगी पाचवीपासून दहावीपर्यंत माझ्याजवळ राहिली. चेंडू अडवायला ती पहिल्यांदा माझ्याच अंगणात शिकली. त्या शिकण्यात माझा एक रांजण व न्हाणीचा पत्रा गेला, त्याबद्दल काही मागणे नाही. ती गेल्यापासून घरात मी एकटीच आहे. हेही तक्रार म्हणून लिहीत नाही. माहिती म्हणून लिहिले.

३) मागची दोन वर्षे आपले सामने फुकटच्या चॅनलवर दिसत होते. तेव्हा रविवारी साडेतीनलाच माझी बैठक भरायची. म्हाताऱ्या व कडेवरची लेकरे धरून एकतीस माणसे मी स्वतः मोजलेली आहेत. कोणी फोडायला शेंगा आणायची, कोणी वाती वळायला कापूस. कोण कुठे बसेल ते मी ठरवायची, कारण मागे बसलेल्या बायका नुसत्या बोलतात. खेळाचे नियम कोणालाच येत नव्हते. पंच बाईने शिट्टी मारली की कस्तुराबाई म्हणायची, "हिला सासूनं जेवू घातलं न्हाई वाटतं." चेंडू भक्तीकडे येऊ लागला की ती माझे मनगट धरायची. तिच्या नखांचे वळ दोन-दोन दिवस राहायचे. त्यावरून मी तिला चारचौघांत बोललेली आहे, "बाळंतपण तुझं चालू हाय का भक्तीचं?" असे. मी बोलते हे सर्व बोरीला माहीत आहे. बोलले म्हणून तेव्हा कोणी यायचे थांबले नव्हते.

४) यंदा आपण सामने पैशाच्या ॲपवर नेले. त्याआधी दसऱ्याच्या सुमारास आपला योगीराज नावाचा इसम आमच्या शाळेच्या मैदानावर भाषण करून गेला. फुकट दिलेल्याची किंमत राहत नाही, पैसे लावले की माणूस ओढीने बघतो, असे त्याचे म्हणणे. मी त्याला चहा फुकट पाजला होता, तो त्याने ओढीनेच पिला. एवढे ऐकून मी घरी निघून आले, पुढचे भाषण ऐकले नाही.

तरी मी हटून बसले नाही. रंगनाथने पास काढून ते ॲप माझ्या टीव्हीत बसवून दिले. म्हणजे माझ्या बैठकीत मॅच पहिल्यासारखीच लागत होती व येणाराला एक पैसा पडणार नव्हता. पहिल्या रविवारी मी दोन सतरंज्या अंथरल्या, चहाचे मोठे आधण ठेवले. चार वाजले. कोणी आले नाही. म्हटले कापूस वेचून दमल्या असतील, मध्यंतराला येतील. मध्यंतर झाले. आधण आटून पातेल्याला काळे धरले. सतरंज्या मी रात्रीपर्यंत उचलल्या नाहीत, मॅच संपून गेली होती तरी.

दुसऱ्या रविवारी एकच सतरंजी अंथरली. तिसऱ्यापासून अंथरली नाही.

५) अशात आपला संदर्भातील संदेश आला की प्रेक्षक वाढले. मी चौकशी केली. आमच्या गल्लीत नऊ घरांनी आपला पास घेतलेला आहे. कस्तुराबाईने तर सून मनिषा हिच्या मोबाइलमध्ये घेतला. आता आपला हिशेब बघावा. पूर्वी एक टीव्ही व एकतीस माणसे, ते आपण एक धरले असतील. आता नऊ मोबाइल व माझा टीव्ही, ते आपण दहा धरता. म्हणजे आपल्या कागदावर बोरी दहापट झाली आणि माझी बैठक रिकामी झाली. मोबाइल हातभर लांबून दोघींना दिसत नाही, तिसरी वाकली की पहिलीला दिसत नाही. म्हाताऱ्या तर सुनेच्या हातातला मोबाइल मागतच नाहीत, त्या वाती वळत घरीच बसतात. यांना आपण कोणत्या रकान्यात धरले ते कळावे.

६) यापुढचा त्रास मोठा आहे, तो नीट लक्षात घ्यावा. मनिषाच्या मोबाइलवरची मॅच माझ्या टीव्हीच्या अर्धा मिनिट पुढे पळते. नेट वेगळे असल्याने असे होते म्हणतात. एकच मॅच, एकच भिंत, पण पलीकडे जे घडून गेलेले असते ते माझ्याकडे घडायचे असते.

गेल्या रविवारी, ता. ३० रोजी, उपांत्य सामना होता. दोन्हीकडे एकेक गोल झालेला. माझ्या टीव्हीवर चेंडू अजून मैदानाच्या मधोमध होता आणि पलीकडून कस्तुराबाई "अगं माय गं!" अशी ओरडली. तिची म्हैस मेली तेव्हा ती अशी ओरडली होती. मला कळले. इकडे भक्ती हातमोजे ओढून नीट करीत होती, कोणाला तरी हाताने मागे बोलावीत होती. तिच्या तोंडावर काहीच नव्हते. साहेब, अर्धा मिनिट मला माहीत होते आणि माझ्या लेकराला माहीत नव्हते. मी उठून टीव्हीपाशी गेले व डावीकडे हो म्हणाले. चेंडू कोणत्या अंगाने येणार हे मला तरी कुठे ठाऊक होते. ती उजवीकडे पडली, चेंडू डावीकडून गेला. ती पालथी पडून राहिली आणि मी काचेवर हात ठेवून उभी होते. माझे मनगट कोणी धरलेले नव्हते.

पुढे संघ जिंकला. तेही भिंतीनेच अगोदर सांगितले. टीव्हीवर पोरी नाचू लागल्या तोवर मी चूल पेटवायला गेले होते.

७) सबब विनंती की,
अ) रविवार ता. ७ चा अंतिम सामना फुकटच्या चॅनलवर लावावा;
आ) ते होत नसल्यास सर्व मोबाइल व टीव्ही एका वेळेवर आणावेत, पुढे पळणाऱ्यास मागे ओढावे;
इ) तेही होत नसल्यास कस्तुराबाईस मॅचच्या वेळी ओरडू नये अशी लेखी समज द्यावी.

८) वरील अर्ज काल गुरुवारी लिहून झाला होता. परंतु आमच्या घरची एक रीत आहे. ज्याच्यावर अर्ज करायचा, त्याला तो टपालात टाकण्याआधी त्याच्या दारात जाऊन वाचून दाखवायचा. माझ्या सासऱ्यांनी बांधाच्या भांडणातसुद्धा ही रीत मोडली नाही. माघारी केलेली तक्रार ही चहाडी असते असे ते म्हणत. म्हणून आज सकाळी मी कस्तुराबाईच्या दारात उभी राहून कलम एक ते सात मोठ्याने वाचले. गल्ली ऐकायला जमली, त्यास माझी हरकत नव्हती.

पहिल्या कलमाला ती खाली बघत होती. चौथ्याला, आधण आटले तिथे, तिने पदर तोंडाला लावला. सहावे कलम संपल्यावर म्हणाली, "आक्का, तुमी त्या माणसाचं भाषण अर्धंच ऐकलं."

योगीराज पुढे असे बोलून गेला होता की, जितके पास तितका वाटा पोरींच्या संघाला मिळेल, आणि पास घेऊन सामना बघितलाच नाही तर तो पास मोजला जाणार नाही. तेवढ्यावर या बायकांनी शाळेच्या मैदानातच ठरवले. नऊ घरांनी नऊ पास घ्यायचे व ज्याने त्याने आपल्या घरात बसून बघायचे.

मी म्हणाले, एकाच पासवर माझ्या घरी बघितले असते तर काय बिघडले असते?

तर म्हणते, "आहेर घरटी येगळा असतोय आक्का. दोन घरं मिळून येक लुगडं देतेत का? भक्ती गल्लीची लेक हाय."

मी विचारले, मग मला का नाही सांगितले?

त्यावर सून मनिषा मधे बोलली. एरवी ती माझ्यासमोर बोलत नाही. "तुमी घेऊ दिलं असतं का, आत्याबाई? आमच्या घरची वाटीभर साखर तरी कधी नेली का तुमी? तुमी निस्तं देताव. कुणी द्यायलंय म्हटलं की दार लावताव."

मी हातातल्या अर्जाची घडी घातली.

९) सबब कलम सातमधील विनंती 'इ' मी मागे घेत आहे. 'अ' व 'आ' कायम आहेत, त्यांचा विचार व्हावा. आणि पैशाच्या ॲपने प्रेक्षक वाढतात का, याबद्दल आपल्या कार्यालयाने कोणाला विचारले नसेल तर माझा जबाब असा लिहून घ्यावा : बोरीत आपल्या फुटबॉलला एकही नवीन माणूस आलेला नाही. नऊ पास गेले ते खेळाला नाही, पोरीला गेले. जिथे गल्लीची पोरगी गोलात उभी नाही, तिथे हे होणार नाही. फुकटात जी माणसे येत होती ती खेळ बघता बघता खेळाची होत चालली होती. पाच-सहा वर्षे गेली असती तर शिट्टी का वाजली हेसुद्धा आम्हाला कळू लागले असते. ते आपण आपल्या हाताने थांबवले.

तसेच येत्या रविवारी बोरीहून जो आकडा आपल्याकडे येईल तो माणसांचा समजू नये. आपल्याला अंधारात ठेवून काही करायचे नाही, म्हणून तिच्या दारात सर्वांदेखत मी जो निवाडा दिला तो जशास तसा लिहिते. मी म्हणाले :

"कस्तुरा, तुझा आहेर मी घेतला. रविवारी चार वाजता मोबाइलवर मॅच लाव, तो घरात ठिव, भायेरून कडी घाल अन् माझ्याकडं ये. बघू दे त्याला येकट्याला. मी पाच रविवार बघितलं."

अर्ज वाचून घेतल्याबद्दल आभारी,
धुरपताबाई भ्र. बन्सीधर गिराम
(सही स्वतःची, अंगठा नाही)
बोरी, शुक्रवार, ता. ५ डिसेंबर २०२५