पृथ्वीचे वैभव शून्य मानतात

बॅटरी जिभेवरून काढून टेबलावर ठेवली आणि लगेच हा कागद पुढे ओढला, भावोजी, तेव्हा पहिल्या ओळीचे अक्षर थरथरलेले दिसले तर घाबरू नका. जीभ बधिर आहे, हात शाबूत आहे. (ही चौकोनी बॅटरी छापखान्याच्या मालकांच्या रेडिओतली. त्यांना अजून ठाऊक नाही. संध्याकाळच्या बातम्यांना ठाऊक होईल.) तिचे एकच टोक जिभेला लावले तर काही होत नाही. दुसरे एकटे लावले तरी काही होत नाही. दोन्ही एकदम लावली की माणूस आईची आठवण काढतो. हे तुमच्या पुस्तकाच्या विजेवरच्या सातव्या प्रकरणात लिहिलेले आहे आणि मी ते तपासताना वाचलेही होते, पण वाचून कळणे वेगळे आणि जिभेने कळणे वेगळे.

आता रीतसर. तुम्हांला वाकून नमस्कार. पाय कसा आहे? स्थितिज ऊर्जा समजावण्यासाठी भर वर्गात टेबलावरून उडी मारण्याची काही गरज नव्हती, असे ताई म्हणते. माझे मत असे की मुलांना तो धडा जन्मभर विसरता येणार नाही. पाय अजून कप्पीला टांगलेला असेल तर उत्तम. (वाईट अर्थाने म्हणत नाही. पाय टांगलेला माणूस उठून छापखान्यात येऊ शकत नाही, आणि पुढचा मजकूर वाचून तुम्हांला यावेसे वाटण्याचा संभव आहे.) डॉक्टरांचे ऐका, झोप घ्या, उगाच कशाचा विचार करू नका. इकडे सगळे ठीक. ताई ठीक, घर ठीक. तुमचे पुस्तक सोडले तर काळजीचे काही नाही.

स्ट्रेचरवरून नेताना तुम्ही मला बजावले होते, "प्रुफं तूच बघ. भाषेचं काय करायचं ते कर, विज्ञानाला हात लावू नकोस." मी लावला नाही. सातव्या प्रकरणात 'विभव' असा शब्द आला. तो मला विज्ञान वाटला नाही, अशुद्ध वाटला. नंतर वाटले, अशुद्ध नसेल, जुना असेल. जुन्या काव्यात विभव म्हणजे धनदौलतच. (हे खोटे नाही, शब्दकोश बघा. तो ताईच्या कपाटाच्या लंगड्या पायाखाली आहे.) तुम्ही एरवी साधी भाषा लिहिता, मुलांचे पुस्तक, मध्येच हा अंगरखा घातलेला शब्द कशाला, म्हणून मी वेलांटी खोडली आणि दोन मात्रा दिल्या. एका ठिकाणी दिल्यावर सगळीकडे द्याव्या लागतात, मुद्रितशोधनात भेदभाव चालत नाही. विभवाचे वैभव झाले. विभवांतर होते त्याचे वैभवांतर झाले.

आणि खरे सांगतो, एकही वाक्य अडले नाही. यात थोडा दोष तुमच्या शास्त्राचा आहे. त्याने आजूबाजूला आणून बसवलेले शब्द बघा: धन, ऋण, संचय. अशा शेजारात राहणारा शब्द वैभवच असणार. प्रभार म्हणजे कचेरीत साहेब रजेवर गेला की दुसऱ्याकडे येतो तो, अशी माझी समजूत. त्यामुळे 'एकक धन प्रभार अनंत अंतरावरून एखाद्या बिंदूपर्यंत आणण्यासाठी करावे लागणारे कार्य म्हणजे त्या बिंदूचे वैभव' हे वाचून मी पेन्सिल खाली ठेवली. इतके खरे वाक्य बऱ्याच दिवसांत वाचले नव्हते. 'वैभव ऋणही असू शकते' हे आमच्या घराण्याकडे बघून लिहिले आहे असे वाटले आणि थोडा राग आला, पण गिळला. 'एकट्या बिंदूच्या वैभवाला अर्थ नसतो, अर्थ असतो तो दोन बिंदूंमधील वैभवांतराला' याच्या समासात मी 'सुंदर' असे लिहिले. 'पृथ्वीचे वैभव शून्य मानतात' इथे तर मी थांबलोच. दुखण्याआधीच तुम्ही इतके विरक्त झाला होतात आणि आम्हांला कुणाला पत्ता नाही. ताईला फोन करणार होतो. मग पुढच्या पानावर 'वैभव मोजण्यासाठी व्होल्टमीटर समांतर जोडावा' असे आले आणि पहिली शंका आली. वैभव मोजायचे यंत्र बाजारात असते तर तुमच्या थोरल्या वहिनींनी ते केव्हाच आणले असते.

शंकेची खात्री होईपर्यंत प्रकरण छापून झाले होते.

आमच्या छापखान्याला तीन मजले आहेत. खाली यंत्रे आणि बांधणी, मध्ये मालक, सगळ्यांत वर मी आणि संगणकावर अक्षरजुळणी करणाऱ्या ऑपरेटरबाई. मी छापलेली पाने घेऊन मालकांकडे गेलो तर ते आधीच वाचून बसले होते. मालक छापलेले काही वाचत नाहीत, वाचले तर छापणे जमणार नाही म्हणतात. पण हे त्यांनी वाचले होते आणि त्यांना आवडले होते. आयुष्यात पहिल्यांदा विज्ञान समजले म्हणाले. लेखक निर्भीड आहे म्हणाले. मी त्यांना शब्द चुकल्याचे सांगितले. त्यांनी दोन्ही शब्द एका कागदावर शेजारी शेजारी लिहून घेतले.

"या दोन्हीत फरक आहे का?" त्यांनी विचारले. "नसेल तर पानं बांधणीला जातील. असेल तर पानं रद्दीत जातील आणि तुम्ही त्यांच्या मागोमाग. जेवून या आणि सांगा."

माझी अडचण लक्षात घ्या. फरक नाही असे पटवले तर नोकरी राहते, आणि मुले वर्षभर तुमच्या नावाने वैभवांतर शिकतात. फरक आहे असे पटवले तर पुस्तक सुधारते आणि मी घरी बसतो. (घरी म्हणजे तुमच्याच. दुसरे मला आहे कुठे.) शिवाय ही नोकरी ताईने स्वतः येऊन, माझ्या अकलेची हमी देऊन मिळवलेली. मी अर्थात फरक नाही हे सिद्ध करायला बसलो. डबा उघडला नाही. प्रकरण पहिल्या ओळीपासून, विभव म्हणून, वाचले. आणि दुर्दैवाने मला ते समजले.

समजले ते जिन्यात. ऑपरेटरबाईंचा कागद संपला होता आणि हमाल जेवायला गेला होता, म्हणून मी कागदाचे एक रीम खालून वर नेले. दमलो. बाई म्हणाल्या अजून दोन लागतील, म्हणून ती दोन्ही एकदम नेली आणि दुप्पट दमलो. वरच्या पायरीवर बसल्यावर डोक्यात आले की कष्ट दुप्पट झाले, जिना दुप्पट झाला नाही. रीम एक न्या, दोन न्या, काहीच नेऊ नका, जिना आहे तेवढाच उंच. दर रीममागे किती कष्ट पडतील, हे रीम ठरवत नाही, जिना ठरवतो. तेच तुमचे विभवांतर. रीमच्या जागी विजेचा प्रभार घालायचा. खात्री करावी म्हणून एक रीम पुन्हा खाली नेऊन मागच्या लोखंडी जिन्याने, वळसा घालून, वर आणले. दम जास्त लागला, पण कागद पोचला तेवढ्याच उंचीवर. (दम हा माझा खासगी प्रश्न आहे, असे तुमच्या प्रकरणाचे मत दिसते.)

राहिले ते शून्य. ऑपरेटरबाई तळमजल्याला शून्य म्हणतात, म्हणून आम्ही दुसऱ्या मजल्यावर बसतो. मालक तळमजल्याला पहिला मजला म्हणतात, म्हणून आम्ही तिसऱ्यावर बसतो. या वादात एकदा लग्नपत्रिकांचा गठ्ठा लग्न होईपर्यंत सापडला नव्हता. पण मधल्या पायऱ्यांवरून दोघांचे कधी भांडण झाले नाही. मोजणी कुठूनही सुरू करा, चढ तेवढाच. पृथ्वीला शून्य मानतात ते तिच्या अपमानासाठी नाही, सोयीसाठी. ती मोठी आहे, सगळ्यांच्या पायांखाली आहे आणि तक्रार करत नाही.

एवढे ज्ञान घेऊन मी मालकांसमोर उभा राहिलो. जिना सांगितला, रीम सांगितले, शून्य सांगितले. मालकांनी मन लावून ऐकले आणि म्हणाले, "मग वैभव वेगळं काय आहे? तेही शेजाऱ्याशी ताडूनच कळतं. एकट्या माणसाचं वैभव कुणी विचारत नाही. आणि फार लांब गेलं की शून्यच."

म्हणजे ते माझीच बाजू मांडत होते. मी नुसती मान हलवायची होती. पाने बांधणीला गेली असती, मी डबा खाल्ला असता. पण मुद्रितशोधकाला दुसऱ्याचे चुकलेले ऐकवत नाही. मी म्हणालो, "मालक, विभव जास्त असतं तिथून कमी असतं तिकडे धन प्रभार आपणहून जातो. वाट मिळाली की पुरे, सांगावं लागत नाही. वैभवाचं तसं कुठं असतं? तुमच्या खोलीतून आमच्या खोलीत आजवर आपणहून काय आलं?"

मालकांनी वर पाहिले. पंखा फिरत होता, विभवांतरावर.

"म्हणजे फरक आहे," ते म्हणाले.

तर असे झाले. पाने रद्दीत गेली. नवीन पाने आजच छापायला घेतली आहेत आणि मुलांच्या हाती विभवच पडेल, याचा तुम्हांला आनंद व्हावा. मीही आनंदातच आहे, म्हणून तर बॅटरी जिभेला लावून पाहिली. हे पत्र केवळ तुमच्या पायाच्या काळजीपोटी लिहिले आहे. मागणे काही नाही. बरे व्हा, आणि पुढच्या वेळी वरून खाली येताना जिना वापरा.

तुमच्या उपकारांच्या ओझ्याखालचा,
ताईचा धाकटा भाऊ

ता. क. एक बारीकशी गोष्ट राहिली. माझे काय करायचे ते मालक उद्या ठरवणार आहेत. हस्तलिखितातच वैभव असेल तर दोष लेखकाचा, असे त्यांचे म्हणणे. आता तुमची वेलांटी डोक्यावरून पुढे इतकी झुकते की तिला मात्रा म्हणणारा माणूस अगदीच चूक ठरत नाही. तरी 'हस्तलिखितात मीच वैभव लिहिले होते' एवढी एक ओळ सहीनिशी पाठवावी. तुमचे त्यात काही जात नाही. दुखण्यात माणूस काय वाटेल ते लिहितो, असे मी मालकांना आधीच सांगून ठेवले आहे. (हस्तलिखित दुखण्याआधीचे आहे हे त्यांच्या लक्षात आलेले नाही.)

आणखी ता. क. 'सगळ्या वैभवांचे विभव करा' असे मी ऑपरेटरबाईंना सांगितले होते. बाई शब्दाला पक्क्या. त्यांनी एक कळ दाबली आणि सगळ्या पुस्तकात केले. प्रस्तावनेत 'ज्यांच्यामुळे संस्थेचे वैभव वाढले ते अध्यक्ष' असे होते. आता त्यांच्यामुळे संस्थेचे विभव वाढले आहे आणि त्यांच्याशी हात मिळवताना पायांत रबरी चप्पल असलेली बरी. ते निभावेल, अध्यक्ष प्रस्तावना वाचत नाहीत. पण दुसऱ्या पानावर लेखकाचा पत्ता आहे. तुमच्या घराचे नाव ताईने ठेवलेले; फाटकावरची पाटी तिने स्वतः शिडीवर चढून रंगवली आणि 'वै'च्या दोन मात्रा पुरेशा डौलदार होईपर्यंत खाली उतरली नव्हती. पुस्तकात तुम्ही आता 'विभव' या बंगल्यात राहता. ते पान छापून झाले आहे. ताईला कळवू नका. हे पत्र त्यासाठीच घरी न पाठवता दवाखान्यात पाठवतो आहे. मघाची ओळ नाही पाठवली तरी चालेल, पण एवढे करा.

दुसऱ्या दिवशी सकाळी. पत्र टपालात पडायच्या आत ताई छापखान्यात आली, तुम्हांला दाखवायला छापील पाने हवी होती म्हणून. दुसरे पान तिने उभ्यानेच वाचले. मग माझ्या हातातले हे पत्र घेतले आणि बसून वाचले. रागावली नाही. मालकांना एवढेच विचारले, "विभव मोजायला कुणाला तरी शून्य धरावं लागतं ना?" मालक म्हणाले, "लागतं." दोघांनी माझ्याकडे पाहिले. तुम्ही कसलीही ओळ लिहून द्यायची नाही असा तिचा निरोप आहे; पत्र तीच घेऊन येते आहे. दुसरे पान पुन्हा छापले जाईल. माझी नोकरी राहिली. टेबल तळमजल्यावर, बांधणीच्या कोपऱ्यात, हलवले आहे. मालक आजपासून त्या मजल्याला शून्य म्हणतात.