मेलेल्या जुनिपरला पाणी

९ मार्च, रविवार

प्रिय ताई,

नमस्कार. तू बरी असशील असं धरून चालतो. विचारायची सोय मी ठेवलेली नाही.

आधी माझी तक्रार नोंदवून घे. गेले अकरा दिवस मी स्वतःच्याच घरात विस्थापित आहे. पूर्वेच्या खिडकीपाशी माझं टेबल होतं. वीस वर्षं तिथे बसून मी जगाला नावं ठेवली. आता तिथे हातभर उंचीचं एक झाड ऐसपैस बसलंय आणि मी वॉशिंग मशीनवर वही ठेवून उभ्याने लिहितोय. मशीन पिळायला लागलं की अक्षराचं काय होतं ते तू पाहतेच आहेस. तुझ्या भावजयीकडे दाद मागितली. ती म्हणाली, "झाडाला ऊन लागतं. तुला काय, ट्यूबलाइट पुरते."

या झाडाची हकिगत एका दुसऱ्याच झाडापासून सुरू होते. डॉक्टरांनी रक्तदाबासाठी 'एखादा शांत छंद' लावून घ्यायला सांगितलं. मी नर्सरीत गेलो आणि डोळ्यांत भरलं ते उचललं: जुनिपरचं बोन्साय. वाऱ्याने एका बाजूला कललेलं, तपस्वी चेहऱ्याचं. नर्सरीवाले आजोबा म्हणाले, "ठेवणार कुठे?" म्हटलं, "टीव्हीशेजारी." ते पुढे काहीतरी सांगत होते, तोवर मी दाराबाहेर. समोरच्याचं पूर्ण न ऐकण्याचा माझा सराव तुला माहीत आहे.

दोन महिने नेमाने पाणी घातलं. झाड हिरवंगार. आल्यागेल्याला मी ऐकवायला लागलो, की बोन्सायचं उगाच स्तोम माजवलंय लोकांनी. शेवटी शाबासकी घ्यायला कुंडी उचलून पुन्हा नर्सरीत गेलो. आजोबांनी अंगठ्याच्या नखाने खोडाची साल जराशी खरवडली. आत ओलं, हिरवं असायला हवं होतं. निघालं सुकं, तपकिरी.

"हे जाऊन दीड महिना झाला."

"अहो, पण पानं बघा ना!"

"जुनिपरला मोकळी हवा लागते. घरात कोंडलं की आतून जातं. वरून बरेच दिवस हिरवं दिसतं."

मीही दुसऱ्या फांदीची साल नखाने खरवडून पाहिली. तिथेही सुकं.

मग त्यांनी स्थळाची करावी तशी माझी चौकशी केली. खिडकी कुठल्या दिशेची? ऊन किती तास? गावाला किती जाता? पाणी घालायचं विसरता का? विसरणाऱ्याला जेड बरं, ते जाड पानांतच पाणी साठवून ठेवतं. आणि फ्लॅटमधल्या नवशिक्याला वडाच्या जातकुळीचं फायकस: बंद घर, बेताचं ऊन आणि मालकाचा मूर्खपणा, तिन्ही सोसतं. "मग फायकस द्या," म्हणून मी मागच्या बाकड्याकडे बोट केलं.

"ते नाही. ते विकायचं नाही."

ताई, ते तुझं होतं. दगडाला मुळांनी घट्ट मिठी मारून बसलेलं, तुझ्या शिलाई मशीनमागचं.

"शिवणकाम करणाऱ्या एक बाई देऊन गेल्या," आजोबा म्हणाले. "दोन वर्षं झाली. एका दिवसात सात झाडं. घरात जागा नाही म्हणाल्या."

जागा नाही! दीड खोलीत मशीन, इस्त्रीचं टेबल, कापडाचे गठ्ठे आणि गिऱ्हाइकांसाठी आरसा मांडून वर सात झाडं नांदवलीस तू. प्रत्येकाला उन्हाची वेळ ठरलेली, दर तासाला कुंड्या सरकवायचीस. एवढ्या जागेत मला माझ्या चपला सापडत नाहीत.

तेव्हा जागेचं राहू दे. 'तारेत आवळलेली झाडं' हा माझा दोन वर्षांपूर्वीचा पेपरातला लेख लोकांना फार आवडला होता. नाव घातलं नव्हतं मी. 'ओळखीच्या एक बाई' म्हटलं होतं. जसं काही तुमच्या गल्लीत घरोघरी बोन्साय होती! कोणीतरी तुझ्या दुकानात येऊन म्हणालं म्हणे, "बाई, कापडच कापता ना, की गिऱ्हाईकंही छाटता?" भावजयीने हे मला मागच्या आठवड्यात सांगितलं. म्हटलं, दोन वर्षं का बोलली नाहीस? म्हणाली, "तू त्यावरही लिहिलं असतंस."

तर मी आजोबांना म्हटलं, "मी त्यांचा भाऊ."

"लिहिणारा?"

"हो."

ते दुसऱ्याच कुंडीतलं गवत उपटायला लागले. मग म्हणाले, "त्या मागतील तोवर सांभाळायला देतो. पूर्वेच्या खिडकीत ठेवायचं. तिथे काय असेल ते हलवा."

घरी आल्यावर त्यांनी सांगितल्याप्रमाणे एका जुन्या फांदीवर आकारासाठी गुंडाळलेली तार कापून काढली. तारेखाली अस्तराच्या कापडाची पट्टी निघाली. बोटाएवढी रुंद, कडा दुमडून बारीक टाके घातलेली. दुसऱ्या फांदीला तशीच. प्रत्येक फांदीला. सालीवर एक वळ नाही. पट्ट्या नेऊन दाखवल्या, तेव्हा आजोबा म्हणाले, चाळीस वर्षांत असं काम पाहिलं नाही. मी तर काहीच पाहिलं नव्हतं. तुझ्याकडे चहा प्यायलो, लांबून तार पाहिली आणि घरी येऊन सातशे शब्द लिहिले.

फायकसला नवी फूट आलीय: उजवीकडे दोन, शेंड्याला एक. कुठली ठेवायची, कुठली खुडायची, मला कळत नाही आणि कात्री धरायची छाती होत नाही. पंधरा दिवसांत ठरवलं नाही तर आकार जाईल म्हणतात. सकाळी आठ ते दहा त्याच्यावर ऊन असतं. मी त्या वेळी घरात नसलेलं तुला बरं वाटणार असेल, तर बाहेर जाईन. भावजय दार उघडेल.

काल माझा शनिवारचा लेख आला नाही, हे कोणाच्या लक्षातही आलं नसेल. त्याऐवजी चौथ्या पानावर तळाला, जिथे चुकलेले फोन नंबर दुरुस्त करतात, त्या चौकटीत चार ओळी आहेत. संपादक म्हणाले, "दोन वर्षांनी हे कोण वाचणार?" म्हटलं, एक जण वाचेल कदाचित. कात्रण सोबत जोडलंय. पेपर बंद केला असशील म्हणून इथेही उतरवतो:

"'तारेत आवळलेली झाडं' या लेखात, तारेखाली अस्तर असतं हे लिहायचं राहिलं. लेखकाने ते उचलून पाहिलं नव्हतं. ही झाडं वाढवणाऱ्या बाई म्हणजे लेखकाची थोरली बहीण. तिची माफी."

तुझा
धाकटा