अंगणातली चालू गाडी

दादा,

तू रानातून यायच्या आत माझी एसटी गेली असंल. भाकरी टोपल्यात झाकून ठेवल्यात, जेवून घे. चीनला शिकायला जाणार म्हटल्यापासून तू अबोला धरलास, म्हणून लिहून ठेवतेय.

तिकडच्या पोरींना बाहेर फिरायला बोलवायची वाक्यं पाठ केलीत. आधी विचारायचं, "नी यौ खोंग मा?" म्हणजे, मोकळी हायस का? मला ते लई परकं वाटतं. आष्टीच्या बाजाराला न्यायचं असलं तरी तू कधी विचारलं न्हाईस. अंगणात मोटारसायकल चालू करून नुसता बसून राहायचास, आन् मी चपला अडकवत पळत यायची.

आता बाजाराला निघालास की मला फोन लाव. बोलू नको काही. नुसती गाडी चालू कर.

सुकन्या