चार दिवसांचा होता तो

ती. माई,

काल तुमचं तेरावं झालं. पानावर बसलेला जो तो म्हणत होता, "माईंनी उभ्या जन्मात कुणाचं वाईट केलं नाही." वाढता वाढता माझा हात थांबला. म्हणून आज लिहायला बसले. तुम्ही होतात तोवर तुमच्यासमोर बोलायची माझी टाप नव्हती.

गेल्या वर्षी मला पहिला मुलगा झाला. तो जन्मतःच गेला, असं तुम्ही सगळ्या गल्लीला सांगितलंत. का हो, माई? चार दिवस जगला की तो! रडायचा, दूध ओढायचा. बेंबीच्या जागी तेवढी एक पातळ पिशवी होती, तिच्यात आतडी दिसायची.

गावातल्याच फ्रीगंज भागातून डॉक्टर आले. उकळलेल्या मिठाच्या पाण्यात भिजवलेलं फडकं त्यांनी वर ठेवलं आणि तुम्हालाच सांगितलं, "अम्माजी, झिल्ली फटने से पहले इंदौर ले जाइए. आज ही." तिथले सर्जन वरची कातडी ओढून शिवतात, सगळी पोरं वाचत नाहीत, पण काही वाचतात, असंही म्हणाले. ह्यांनी स्टेशनावर जायला टांगा आणून दारात उभा केला.

आणि तुम्ही उंबऱ्यात आडव्या. "पाचवी पुजल्याशिवाय पोर घराबाहेर जायचं नाही. सटवाई आली आणि पाळणा रिकामा दिसला, तर नशीब कुणाच्या कपाळावर लिहील ती?" तुमच्या मुलानं मान खाली घातली. टांगेवाला बिचारा म्हणाला, "माँजी, मैं रुका हूँ." त्यालाही परत धाडलंत.

चौथ्या दिवशी दुपारी पिशवी फुटली. पाचवीचा पाटा-वरवंटा तुम्ही सकाळीच धुऊन ठेवला होता.

तुम्ही रडलात, ते खरंच होतं. तुमची माया खोटी होती असं कुठं म्हणतेय मी? तुम्ही दुष्ट असतात, तर मी भांडले तरी असते.

आता मध्य भारत मोडून नवा मध्य प्रदेश झालाय. ह्यांचं ऑफिस भोपाळला चाललंय, आम्हीही जाऊ. फाल्गुनात मला दुसरं होईल. हे म्हणतात, "जुनं उकरू नकोस, बस्स झालं."

उकरणार, माई. ह्या बाळाला समज आली की सांगेन, तुला थोरला भाऊ होता, चार दिवसांचा. आजीनं टांगा परत पाठवला. बाबांनी मान खाली घातली. आणि मी आतल्या खोलीत जागी होते, सगळं ऐकत होते, आणि एक शब्द बोलले नाही.

तुमची सून,
सुधा