पहिली टाळी

सोमवार, ४ मार्च

पालथ्या घड्यावर पाणी! सगळी सकाळ घसा कोरडा केला. फळ्यावर इस्त्रीच्या रोलरचं चित्र काढलं, समोरची दांडी लाल खडूने रंगवली, पुन्हा पुन्हा सांगितलं — हात रोलरच्या तोंडाशी गेला की ही दांडी दाबायची, यंत्र जागच्या जागी थांबतं. "समजलं?" सगळे एका सुरात — "हो!" इतक्या सुरात माझ्या बालवर्गातली पोरंसुद्धा कधी म्हणाली नाहीत. काय खूश झाले मी!

दुपारी धुलाईखान्यात चक्कर मारली. दोन नंबरच्या रोलरवर हॉस्पिटलच्या चादरी चालल्या होत्या. आणि ती लाल दांडी — बांधून ठेवलेली! जुन्या चादरीच्या चिंधीने, खांबाला, करकचून. जीव खाऊन दाबली तरी हलली नसती. सकाळी "हो" म्हणणारी माणसं तिच्याच समोर उभी राहून गप्पा मारत चादरी आत सोडत होती. 

त्याहून वाईट म्हणजे ती गाठ. दुहेरी फास, वर एक वळसा, टोक आत खोचलेलं. आमच्या घरी पिठाच्या पिशवीला रोज तीच गाठ असते. ती मारणारी बाई मला एकच माहीत आहे — माझ्या जाऊबाई. त्या दोन नंबरवरच असतात.

मुकादमांना सांगितलं नाही. मागे इथेच एका बाईची बोटं गेली, म्हणून तर सुरक्षेचे धडे द्यायला मला नेमलं. दांडी बांधणारा सापडला तर त्याच दिवशी कामावरून काढीन, असं साहेबांनी सगळ्यांना बजावलंय. पाळी संपल्यावर चिंधी सोडली, पर्समध्ये कोंबली आणि घरी आले.

मंगळवार, ५ मार्च

सकाळी चिंधी जाऊबाईंसमोर ओट्यावर ठेवली. ओळखली त्यांनी. लाजल्या नाहीत, घाबरल्या नाहीत!

"ओली चादर फुगते, दांडीला लागते. यंत्र थांबतं. थांबलं की चादरीवर जळका पट्टा. मग मुकादम चारचौघांत ओरडणार. किती ऐकून घ्यायचं?"

"आणि बोटं?"

"बोटं माझी आहेत. मला नाही का काळजी?"

"मग काल वर्गात हो कशाला म्हणालात?"

"तू विचारलंस म्हणून! माझी धाकटी जाऊ सगळ्यांसमोर उभी राहून शिकवतेय, आणि मी नाही म्हणू?"

म्हणजे ते सगळे "हो" माझी लाज राखण्यासाठी होते. शिकलं कोणीच काही नव्हतं.

गुरुवार, ७ मार्च

फळा बंद! फुगलेली चादर लागू नये म्हणून फिटरकडून आधी दांडी जराशी पुढे सरकवून घेतली. त्यासाठी मुकादमांशी कडाक्याचं भांडण झालं, होऊ दे. मग वाफ सुरू व्हायच्या आत सगळ्यांना रोलरपाशी उभं केलं. चिंध्या भरलेला रबरी हातमोजा चादरीबरोबर आत सोडायचा. एकाने "हात!" म्हणून ओरडायचं, जवळ असेल त्याने दांडी दाबायची. आणि जमलं की — टाळ्या! बालवर्गातली जुनी युक्ती.

वाटलं होतं चिडतील. ही काय दूधखुळी माणसं आहेत? पण कसलं काय! बॉयलरवाले काका — यांना हसताना मी कधी पाहिलं नव्हतं — त्यांनी दांडी दाबली, टाळ्या पडल्या, आणि गडी कानापर्यंत लाल. "परत एकदा करू का, बाई?" म्हणे!

मोठ्या माणसांसाठी कोणी टाळ्या वाजवतच नाही. उपाशीच असतात बिचारी. सुरुवातीला मलाच वाजवाव्या लागल्या, नंतर कोणीही सुरू करायला लागलं.

जाऊबाई मात्र मागेच उभ्या होत्या, हाताची घडी घालून.

मंगळवार, १२ मार्च

दोन नंबरची दांडी आज मोकळी! जाऊबाई काही बोलल्या नाहीत, मीही नाही.

शुक्रवार, १५ मार्च

मोठे साहेब सराव बघायला आले. "हात!" म्हणायचा अवकाश — खट्ट दांडी, कडकडाट टाळ्या. साहेब म्हणाले, "ही माणसं आता झोपेतसुद्धा करतील हे." आज तर जाऊबाईंनीही दांडी दाबली. टाळ्या पडल्या तेव्हा तोंड फिरवलं, पण हसल्या. मी पाहिलं! घरी येऊन ह्यांना दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना हे झोपले.

बुधवार, २० मार्च

लिहिलं नाही तर वेड लागेल.

दुपारी मोठे साहेब माझ्याशी बोलून बाहेर पडले, मी खडूची पेटी हातात घेऊन दाराशीच उभी होते. रोलरकडे पाठ. मागून चिमणीचा आवाज — "हात!" चिमणी म्हणजे जाऊबाईंची जोडीदारीण, बारीक आवाजाची म्हणून सगळे चिमणी म्हणतात. दांडी खट्टकन वाजली. यंत्र थांबलं. आणि टाळ्या!

खोलीभर टाळ्या!

त्या टाळ्यांतून किंकाळी आली. वळून बघते तर जाऊबाईंचा उजवा हात बोटांच्या मुळापर्यंत रोलरमध्ये. खरा हात! रोलर थांबलेला, पण तापलेला. चिमणी दोन्ही हातांनी दांडी दाबून उभी, तोंड उघडं. पुढे काय करायचं ते तिला ठाऊकच नव्हतं. कसं असणार? पुढे आम्ही टाळ्याच वाजवतो! थंडगार रोलर, चिंध्यांचा हात, ओढून काढायचा आणि हसायचं — एवढंच शिकवलं मी. वरचा रोलर उचलायचं चाक तिथेच बाजूला आहे. ते मी एकदाही, कोणालाही, फिरवायला लावलं नाही.

बॉयलरवाले काका धावत आले. "टाळ्या काय पिटताय, मेल्यांनो!" त्यांनी चाक फिरवलं. हात निघाला. त्या हाताबद्दल लिहवत नाही.

जाऊबाईंना घेऊन गाडी गेली तेव्हा पाहिलं — मी उभी होते तिथे खडूची पेटी पालथी पडलेली, सगळीकडे खडू. हातातून कधी पडली, कळलंसुद्धा नाही.

दीर दवाखान्यात बाकावर बसून आहेत. मी शेजारी बसले तर उठून पलीकडे गेले.

गुरुवार, २१ मार्च

बोटं राहतील. दोन वाकणार नाहीत बहुतेक. मुकादम म्हणाले, दांडी बांधलेली असती तर हात कोपरापर्यंत गेला असता. समाधान मानायचं का याचं? टाळ्या वाजत होत्या तेवढा वेळ ती बोटं भाजत होती!

शुक्रवार, २२ मार्च

साहेबांनी बोलावलं. "सराव आहे की खरं, हे न बघता पहिली टाळी ज्याने वाजवली, त्याच्यामुळे बाकीचे फसले. मला नाव द्या. त्याला आजच काढतो." मी म्हटलं, देते. म्हणजे काय, देणारच! डोळ्यांसमोर तो हात होता.

सगळ्यांना ओळीत उभं केलं. "पहिली टाळी कोणाची?" सगळ्यांच्या माना खाली. मूग गिळून गप्प! चिमणी रडायला लागली, पण तिचे दोन्ही हात दांडीवर होते, ती नव्हे. काकांना विचारलं तर म्हणतात, "सोडा ना, बाई." सोडू? एका बाईचा हात भाजला आणि सोडू? कोणाला तरी पाठीशी घालताहेत सगळे. सगळे मिळून!

सोमवार, २५ मार्च

जाऊबाई घरी आल्या. मी भरवते, त्या मुकाट्याने खातात. मला एक शब्द लावून बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

आज न राहवून सांगितलं — शोधतेय, सोडणार नाही, तुमच्या हाताची शपथ. त्यांनी घास बाजूला केला. "काखेत कळसा अन् गावाला वळसा," म्हणाल्या आणि कूस बदलून भिंतीकडे वळल्या.

काखेत? म्हणजे माझ्या जवळचंच कोणीतरी. तिथे माझ्या जवळचं आहे कोण? बॉयलरवाले काकाच! "सोडा ना, बाई" — उगाच नाही म्हणाले. धावत आले, चाक फिरवलं, सगळं खरं. पण त्याआधी टाळी वाजवली नसेल कशावरून? उद्या साहेबांना त्यांचं नाव देणार. आत्ता जाऊबाईंच्या दाराबाहेर ह्यांना तसं सांगितलंसुद्धा. चिठ्ठीवर नाव दोनदा लिहून खोडलं. पण देणार.

मंगळवार, २६ मार्च

निघाले तर जाऊबाई दारात. डाव्या हाताने माझं मनगट धरलं.

"काकांचं नाव घेऊ नकोस. पहिली टाळी तुझी होती गं. मागे वळूनही न बघता वाजवलीस. मी समोरच होते ना, दिसलं मला."

"सगळ्यांना माहीत आहे?"

"सगळ्यांना. तू माझी गाठ कोणाला सांगितलीस का?"

पेटी हातातून पडली नव्हती. मी टाकली होती. टाळीला हात मोकळे हवेत ना.