भाईंच्या नावाने लॉगिन

३ जून, सोमवार
कोल्हापूरच्या हेड ऑफिसचं फर्मान: यापुढे ज्याने त्याने स्वतःच्याच युजर आयडीने कॉम्प्युटरवर शिरायचं. माझा आयडी केजे-०१४. बकरीच्या कानातला बिल्लासुद्धा याहून बरा असतो. आमचे हेडक्लार्क भाई मार्चमध्ये रिटायर झाले, पण त्यांचा आयडी बंद करायला कुणी धजलं नाही. गेटपास, बिलं, काजूचा स्टॉक, सगळं त्यावर मंजूर होतं. आम्ही सगळेच तो वापरायचो. आता मी एकटाच. पुढच्या सोमवारपासून स्वतःचा. नक्की.

१० जून
स्वतःचा टाकला. 'आपणास बिल मंजूर करण्याचा अधिकार नाही.' मला! परत भाई. अधिकारासाठी अर्ज उद्या करतो.

१८ जून
भाईंच्या पासवर्डची मुदत संपली. नवा मीच ठेवला. मॅनेजरची जागा रिकामी होतेय, म्हणून जरा हुरूप येईल असा ठेवला. कुणाला कळायचं कारण नाही.

५ जुलै
पलीकडच्या टेबलावरची शर्मिला म्हणाली, "अहो, स्वतःच्या नावान एकदा तरी शिरा. उद्या म्हणतले, हो माणूस कामाक येनाच नाय." म्हटलं, काम महत्त्वाचं, नाव नव्हे. बोलून बरं वाटलं. दुपारी केजे-०१४चा पासवर्ड पुन्हा पुन्हा चुकला. लॉक झाला. जाऊ दे. दमलो.

२२ जुलै
मॅनेजर कोण, ते हेड ऑफिस कॉम्प्युटरवरचं काम बघून ठरवणार. मग दुसरं कोण असणार? रविवारीसुद्धा येऊन राबलोय. मालवणला पेढ्यांऐवजी खाजं सांगून ठेवलं. बायको म्हणाली, "आधी होवंदे तरी." सावित्रीला पहिल्यापासून घाई नाही.

९ ऑगस्ट
मेल आला. भाईंच्या आयडीवर. 'निवृत्तीनंतरही आपण दाखवलेली निष्ठा पाहून कंपनी भारावली आहे. मॅनेजरपद स्वीकारावे.' हेड ऑफिसच्या साहेबांनी भाईंना फोनही केलाय म्हणे. खाली माझं नाव: 'केजे-०१४, वापर शून्य. लेखी खुलासा द्यावा.' साहेबांना फोनवर सगळं सांगायला उठलो. पण दुसऱ्याच्या आयडीने काम केल्यास नोकरी जाते, हेही त्याच फर्मानात होतं. बसलो. रडूच आलं.

१६ ऑगस्ट
भाई आले. बागेतले नारळ घेऊन. "काय रे गुरुदास, बरो मा? माका कायेक कळना नाय. सायब म्हणतत, तुमी घराकडसून लय काम केल्यात." आणि खुर्चीत बसले. मग पासवर्ड विचारला.

सांगावा लागला. सगळ्यांसमोर. 'गुरुदासमॅनेजर१'. भाई एका बोटाने टाइप करत होते, त्यामुळे दोनदा सांगावा लागला. शर्मिला खिडकीबाहेर बघत होती. भाईंनी तो कागदावर लिहूनही घेतला, हे जास्त लागलं.

खाजं रद्द करता आलं नाही. वाटून टाकलं. सगळे म्हणाले, भाईंच्या बढतीचं म्हणून छान आहे.

सोमवारपासून स्वतःचा आयडी. मात्र लॉक झालेला आयडी उघडायला मॅनेजरची मंजुरी लागते. अर्ज लिहून भाईंच्या टेबलावर ठेवला.